सिनेमातली इमारत आणि चाचांचा खोकला

धुळ्यातल्या आमच्या तीनमजली इमारतीचे फोटो काढायला आजही माणसं येतात. बघण्यासारखं तिच्यात फार काही नाही. लाकडी कठड्याचा जिना, लांब गॅलऱ्या आणि गॅलरीभर वाळत घातलेले कपडे. पण एका मराठी सिनेमात नायिकेचं घर म्हणून ती दिसली, आणि सिनेमा चालला.

शिंदखेड्याहून इथल्या शाळेत नोकरीला आले तेव्हापासून मी पहिल्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली जिन्याला लागून पिंजारी चाचा आणि चाची राहतात. चाचांनी उभा जन्म कापूस पिंजून गाद्या भरल्या आणि तो कापूस त्यांच्या छातीत जाऊन बसला. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "धंद्याचा खोकला आहे, धंद्याबरोबर जाईल."

शूटिंग एप्रिलमध्ये आठवडाभर चाललं. पहिल्या दिवशी नायिका जिन्यात बसून रडत होती आणि नेमकी चाचांना उबळ आली. तीनदा तेच झालं. चौथ्यांदा आवाज टिपणाऱ्या माणसाने हेडफोन काढले आणि चाचांच्या दाराकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून चाचा सकाळीच बाहेर पडू लागले. लेकीकडे जातात, असं चाची म्हणाल्या. पुढे दोन दिवसांनी माझी बहीण पाचोऱ्याहून यायची होती, म्हणून भरदुपारी मी एसटी स्टँडवर गेले. तिथे बाकावर, डोक्यावर ओला रुमाल टाकून चाचा बसले होते.

"चाचा, आठे काय करी ऱ्हायनात?" इथे काय करताय, असं मी अहिराणीत विचारलं.

"गाड्या देखी ऱ्हायनू," ते म्हणाले. मग रुमाल सारखा करत, "माझ्या एका खोकल्यापायी पन्नास माणसं खोळंबतात, बाई. बरं नाही वाटत."

"मग लेकीकडे तरी जायचं."

"तिला काय सांगू? घरात खोकायची सोय नाही म्हणून?"

पहिल्या दिवशी मीही मनात म्हणाले होते, आता थांबवा हो चाचा.

त्याच संध्याकाळी मी दिग्दर्शकाला सगळं सांगितलं. सकाळी चाचा चपला घालत होते, तेव्हा तो येऊन त्यांच्या उंबऱ्याशी खाली बसला.

"चुकलं आमचं, चाचा. घर तुमचं, आणि बाहेर तुम्हीच."

"खोकला माझा आहे. तुमचा काय दोष?"

"आमच्या गोष्टीत पोरीचा बाप आतल्या खोलीत आजारी आहे. तो नुसता ऐकू येणार आहे. त्यासाठी तुमचा खोकला घेतला तर चालेल का?"

चाचा पहिल्यांदाच हसले. "चालेल. पण तो सांगून येत नाही."

आणि खरंच आला नाही. खोलीत माईक लावून सगळे दुपारपर्यंत बसले. चाचा एकदाही खोकले नाहीत. शेवटी सगळे जेवायला उठले आणि पहिल्याच घासाला उबळ आली. आवाजवाला ताट ठेवून पळाला.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिघं गेलो. पडद्यावर आमचा जिना आला, चाचींनी माझा हात दाबला. मग तो खोकला सुरू झाला. टॉकीजभर घुमला, थांबायचं नाव घेईना. पुढच्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "अरेरे, हा काही वाचत नाही."

जिन्याशी आल्यावर चाचा म्हणाले, "मी असा खोकतो?"

"रोज," चाची म्हणाल्या.

सोमवारी ते स्वतःहून माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात आले. तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली, तोंडाने ओढायचा पंप मिळाला. कापसाला हात लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ते त्यांना सगळ्यात जड गेलं. पिंजायचं यंत्र पुतण्याकडे गेलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण हळूहळू खोकला उतरला. आता सकाळी दोन-चारदा येतो, तेवढाच.

गेल्या महिन्यात जळगावहून कॉलेजच्या मुली आल्या होत्या. जिन्यात फोटो काढून झाल्यावर एकीने चाचांनाच विचारलं, "बाबा, सिनेमात तो आजारी बाप कुठल्या खोलीत होता?"

चाचांनी आपलं दार दाखवलं.

"तो मरतो ना शेवटी?"

"सिनेमात मरतो," चाचा म्हणाले, आणि आत चाचींना चहा टाकायला सांगितला. मुली तासभर बसल्या.