जाळीवरचा पहारा

ताईंनी बावीस वर्षं प्रयोगशाळेत एकच काम केलं. शरीरात बसवायच्या प्लास्टिकच्या जाळीवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडायच्या, तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली एक फोटो काढायचा आणि पेशी मोजायच्या. भरपूर दिसल्या की जाळी पास. "पहारा चोख आहे," असं त्या म्हणायच्या.

गेल्याच आठवड्यात हर्नियासाठी धाकट्या भावाच्या पोटात नव्या लेपाची जाळी बसली, तीही त्यांनीच पास केलेली. "डोळे झाकून बसवून घे," त्या म्हणाल्या होत्या.

आज तशाच जाळीच्या तुकड्यावर त्यांनी पेशींबरोबर जंतूही सोडले होते. जेवायला जाताना कॅमेरा चुकून चालूच राहिला. परतल्यावर त्यांनी चित्रण पाहिलं. पेशी आल्या, लेपाला चिकटल्या आणि तिथेच थिजल्या. शेजारीच जंतू वाढत होते, पण एकही पेशी त्यांच्याकडे सरकली नाही. फोटोत मात्र हाच पहारा चोख दिसला असता.

त्यांनी भावाला फोन लावला.

"जखम कशी आहे रे?"

"झकास! सूज नाही, लाली नाही. तुझ्या जाळीला नाव ठेवायला जागा नाही, ताई."

"ताप?"

"छे गं. जरा थंडी वाजतेय. भरदुपारी दोन पांघरुणं घेतलीत, म्हणून बायको हसतेय."

खिडकीबाहेर ऊन रणरणत होतं. पेशी जंतूंशी लढल्या, तरच सूज आणि लाली येते, हे ताईंना ठाऊक होतं.

"तिला म्हणावं, हसू नकोस," ताई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. सूज नाही म्हणून घरी पाठवायला लागले, तर फोन डॉक्टरांकडे दे."