इथे रजेवर कोण आहे?

"इंग यारु लीवु?"

कुठल्याही कचेरीत पाऊल टाकलं की ही बाई पहिलं वाक्य हेच बोलायची. इथे रजेवर कोण आहे? नमस्कार नंतर, नाव त्याच्याही नंतर. चप्पल दाराशी काढायची, पदराने मान टिपायची, आणि जो पहिला माणूस दिसेल त्याला विचारायचं, मग तो साहेब असो की पाण्याचे कॅन आणणारा. पोस्टात विचारायची, बँकेत विचारायची. एकदा माझी दाढ दुखत होती म्हणून सोबत दाताच्या डॉक्टरकडे आली, तर तिथेही विचारलं. मी गाल धरून बसलेली, आणि ही आत कंपाउंडरशी बोलतेय.

आणि तुम्हाला सांगते, या एवढ्या प्रश्नावर तिने नोकऱ्या मिळवल्या. अनुभव म्हणाल तर शून्य. वय पन्नाशीला टेकलेलं. शिक्षण जुनी एसएसएलसी, म्हणजे मॅट्रिक. तरी आठवडा उलटायच्या आत कुठे ना कुठे बसलेली.

मी जळत होते का? होते की. लपवून काय करू?

आम्ही तेव्हा चेन्नईजवळ आवडी गावात राहत होतो. हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात, त्यामुळे क्वार्टर मिळालेलं. दारात कडुलिंब, सकाळी भोंगा, भोंग्याबरोबर सगळ्या लाइनीतून पुरुषांचे डबे बाहेर. मूळचे आम्ही मिरजेचे. दोन हजार सालाच्या पुढेमागे मुलं शिकायला पुण्याला गेली आणि घरात मी आणि कुकर, दोघंच उरलो.

माझी एक जुनी गोष्ट राहून गेली होती. मी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या. लग्न नवीन असताना मिरजेत एका कचेरीतून बोलावणं आलं होतं. सासरे म्हणाले, "घरात काय कमी आहे?" कमी काहीच नव्हतं, त्यामुळे मी गेले नाही. पुढे सासऱ्यांचा, मग ह्यांचा, मग मुलांचा, सगळ्यांचा डबा मी भरला. मनात एवढंच होतं की पन्नाशीच्या आत एकदा तरी स्वतःचा डबा भरायचा आणि भोंगा झाल्यावर घराबाहेर पडायचं. पन्नाशी काही लांब राहिली नव्हती.

म्हणून मी तयारी करत होते. तमिळ मी पुस्तकावरून शिकले, बसच्या पाट्या वाचून वाचून. संगणकाचा वर्ग केला. रविवारी आमच्याकडे पिठलंभात खायला पेरुंगुडीहून मराठी पोरं यायची, आयटीतली. त्यांनी माझा बायोडाटा करून दिला. "काकू, अनुभव या ठिकाणी काय टाकू?" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "गृहव्यवस्थापन टाक." सगळे हसले. मीही हसले, पण टाकू दिलं नाही. जिथे जाईन तिथे त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, कळवतो.

ही बाई मागच्या लाइनीत राहायला आली ती नवऱ्याच्या निवृत्तीनंतर, भावाच्या शेजारी भाड्याच्या घरात. तंजावरची मराठी. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, नाकात दोन्हीकडे चमक्या. मला ती अक्का म्हणायची आणि मी तिला अक्का. कोण थोरली हे शेवटपर्यंत ठरलं नाही. तोंडावर मी तिला अहोजाहो करायचे, मनात ती अगंतुगंच होती.

तिची मराठी ऐकली की मला आधी हसूच यायचं. शब्द जुने, चाल तमिळ. 'का' म्हणायच्या जागी 'कायला'. मी एकदा विचारलं, "तुमचे लोक इकडे कधी आले हो?" तर म्हणाली, "राजांबरोबर आले, अक्का. आमचं अख्खं कूळच बदलीवर आलेलं. तीनशे वर्षं झालीं, कायमचा माणूस परत आलाच नाही, मग आम्ही बसलों ते बसलोंच."

नोकरी तिला कशाला हवी होती? त्याचंही कारण ऐका. नवरा निवृत्त होऊन दिवसभर घरात रेडिओ लावून बसायचा. "रेडिओ बोलतो, मग रेडिओने काय सांगितलं ते हे बोलतात," ती म्हणायची. "दोघांत एक तरी गप्प असावा की नाही?" म्हणजे मी पंचवीस वर्षं ज्यासाठी झुरत होते, ते हिला रेडिओचा कंटाळा आला म्हणून हवं होतं.

पहिली नोकरी तिला मिळाली ती माझ्यामुळे. हे मी मुद्दाम सांगते, कारण ती स्वतः सगळ्यांना सांगायची.

आवडीतल्या एका खाजगी शाळेत मला ऑफिसच्या कामासाठी भेटायला बोलावलं होतं. एकटीने जायचं म्हणून हिला सोबत नेलं. मी इस्त्रीची साडी, हातात फाइल. ती घरातलीच सुती साडी, हातात कोथिंबिरीची पिशवी. मी आत गेले. मुख्याध्यापकांनी सगळे दाखले पाहिले, टायपिंगचे गुण पाहून मान डोलावली. मग बोट त्या रिकाम्या जागेवर. मग कळवतो.

बाहेर आले तर बाकावर नुसती कोथिंबीर. ही दिसेना. तेवढ्यात बाजूच्या खोलीतून आली, मागे शाळेची आया हसतेय.

"अक्का, इथे फी घेणारी बाई रजेवर चाललीय. मुलीचं लग्न. सोमवारपासून मी बसते."

"तुम्ही?"

"ती परत आली की उठते, म्हणून सांगितलं."

"आणि अनुभव नाही विचारला?"

"अय्यय्यो, उद्यां बाई नाही, दारात पालकांची रांग! अशा वेळी अनुभव कायला विचारतील? हात आहेत का, एवढंच विचारतात."

परत येताना रिक्षात तिने कोथिंबिरीची अर्धी जुडी मला दिली. मी घेतली. घरी येऊन चटणी केली, आणि इतकी मिरची घातली की हे रात्री दूध पिऊन झोपले.

आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ते तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही. रुसलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान दुसरा नसतो.

लग्न उरकून ती बाई परत आली, आणि हीही शब्दाप्रमाणे उठली. मला वाटलं, झालं, आता बसेल घरी. तर स्टेशनसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीला कांजिण्या आल्या. तिकडे त्याला आजार म्हणत नाहीत, अम्मा, म्हणजे देवी, घरी आली म्हणतात, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात. त्या खुर्चीवर बसायला कुणी तयार होईना. ही गेली. "माझ्याकडे अम्मा लहानपणींच येऊन गेली," म्हणाली आणि बसली. पुढे बालवाडी, मग गॅस एजन्सीचा फोन. कुणाचा पाय मोडला, कुणाचं बाळंतपण आलं की त्या घराच्या आधी हिला खबर.

प्रत्येक नोकरीला केसरी करून आणायची. आपल्या शिऱ्यासारखीच, पण केशरी रंगाची आणि तुपात बुडालेली. स्टीलच्या डब्यात गरम गरम, वर काजू. तुम्ही कधी जळत्या मनाने गोड खाल्लंय? घशाखाली उतरतं, पण शिव्या देत उतरतं. त्यातून केसरी उत्तम व्हायची, हे आणखी वाईट. हे दोनदा मागून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघ, त्या बाईला परत मिळाली." मी म्हणायचे, "बघितलं."

तिचा एक नियम मात्र होता. ज्याच्या जागी बसायची त्याची वस्तू हलवायची नाही. झेरॉक्सच्या दुकानात त्या मुलीचा छोटा आरसा होता, ऊन पडलं की नेमका हिच्या डोळ्यांत चमकायचा. मी म्हटलं, उलटा करून ठेवा ना. म्हणाली, "रजेवरच्या माणसाचं सामान हललं की त्याला वाटतं, आपल्याला विसरले. मग ते भांडतच परत येतं." डोळे बारीक करून ती बसून राहिली, पण आरसा तसाच ठेवला.

मग आलं एग्मोरचं प्रकरण. ते माझ्या अजून जिव्हारी आहे.

एग्मोर स्टेशनपासून जवळ एक लॉज आहे. आपल्याकडून रामेश्वरला जाणारी माणसं सकाळी चेन्नईत उतरतात आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत आंघोळीला, पाठ टेकायला दिवसापुरती खोली घेतात. तिथल्या मॅनेजरला काउंटरवर मराठी बोलणारी बाई हवी होती. मराठी! मला पेरुंगुडीच्या एका पोराने सांगितलं. मी म्हटलं, देव आहे. दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल पकडली, सेंट्रलला उतरून एग्मोर गाठलं, काउंटरशी गेले.

काउंटरच्या मागे ही बसलेली.

"या अक्का! कॉफी घ्या. इथली बाई बाळंतपणाच्या रजेवर आहे."

मी कॉफी घेतली. दुसरं काय करणार? समोर जळगावकडची माणसं उभी होती, बोचकी घेऊन. ही त्यांना सांगत होती, "उगी धांवूं नका, गाडी सांजे आहे, न्हाऊन जेऊन निजा." ती माणसं एकमेकांकडे बघून हसत होती, पण कशी? लहान पोराने बोबडं बोलल्यावर हसतो तशी, मायेने. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "बाई माझ्या आजीवानी बोलते गं." आणि तिने हिच्या हातावर हात ठेवला.

माझी मराठी किती सरळ! ऱ्हस्वदीर्घासकट बोलते मी. ती ऐकून कुणी माझ्या हातावर हात ठेवला नाही. आवडीला परत येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि एक स्टेशन दिसलं असेल तर शपथ.

बाळंतपणाला गेलेली बाई परत आलीच नाही. ही तिथेच राहिली. ती ठेंगणी, काउंटरची खुर्ची उंच, पाय लोंबकळायचे. म्हणून तिने घरून एक लाकडी पाट नेला आणि पायाखाली ठेवला. आता तर पाटही आला, मी मनात म्हटलं. आता ही उठत नाही.

दोनेक वर्षं गेली असतील. माझी पन्नाशी दारात येऊन चप्पल काढत होती. एका संध्याकाळी ही आली. हात रिकामे, केसरी नाही. मला वाटलं, काहीतरी बिनसलं.

"अक्का, लेकीचं बाळंतपण आहे. तंजावरला जाते. तुम्ही बसाल?"

"कुठे?"

"कायला विचारता? माझ्या जागीं. मी रजेवर."

मी हातातली पळी खाली ठेवली. ती घाईघाईने म्हणाली, "मी आले की उठायचं हो."

खरं सांगते, क्षणभर नको म्हणावंसं वाटलं. इतकी वर्षं दाखल्यांची फाइल घेऊन फिरले, आणि शेवटी हिने दिलेल्या खुर्चीत बसायचं? पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी पोळ्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली आणि दोन डबे भरले. ह्यांनी विचारलं, "दुसरा कुणाचा?" मी म्हटलं, "माझा." भोंगा झाला आणि आम्ही दोघं फाटकापर्यंत एकत्र चालत गेलो. फाटकाशी ते डावीकडे वळले, मी उजवीकडे.

मॅनेजरने अनुभव विचारला नाही. फाइल मी नेली होती, ती पिशवीतच राहिली. त्याने एवढंच विचारलं, "अक्का कधी येणार?" मग खोल्या झाडणारी बाई आली, "अक्का कधी येणार?" चहावाला, तेच. रामेश्वर करून परतलेली माणसं बोचकी टेकवायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. "ती जुनं बोलणारी बाई कुठंय?" मी शुद्ध मराठीत सांगायचे, रजेवर आहे. माझ्या खुर्चीत मीच उपरी.

एक दिवस दुपारी फोन आला. काउंटरवरचाच.

"अक्का, मुलगी झाली. लेक बरी आहे. ऐका, इथे दवाखान्यांत चौकशीच्या खिडकीवरची बाई रजेवर आहे."

जन्मलेलं बाळ अजून दुपट्यात, आणि ही तिथेही बसली. हसावं का रडावं कळेना. मिरजेपासून धरलेली माझी सगळी तयारी डोळ्यांपुढून गेली.

"मग तुम्ही येणार कधी?" मी विचारलं.

"ती बाई आली की मी उठते. मी आले की तुम्ही उठा. सरी?"

"सरी," मीही तमिळमध्येच बरं म्हटलं.

ती आली नाही. पन्नासावं मला त्या काउंटरवर लागलं. त्या दिवशी मी केसरी करून नेली होती. चहावाला खाऊन म्हणाला, बरी आहे, पण अक्काची वेगळी. पुढे नवरा रेडिओ घेऊन तिच्यामागे तंजावरला गेला, मागच्या लाइनीतलं घर रिकामं झालं. फोन आधी महिन्याला, मग सणाला, मग नंबर लागेनासा झाला. हे निवृत्त झाले तेव्हा मिरजेला परत जायचं ठरलेलं होतं. मी म्हटलं, मला रजा मिळायची नाही. आम्ही आवडीतच भाड्याने घर घेतलं. आता हे दिवसभर टीव्ही बघतात आणि टीव्हीने काय सांगितलं ते मला सांगतात.

मी उंच आहे. पायाखाली पाट असला की माझे गुडघे काउंटरच्या फळीला लागतात, संध्याकाळी दुखतात. मॅनेजर कितीदा म्हणाला, तो पाट काढून टाका ना. मी म्हणते, असू दे. रजेवरच्या माणसाचं सामान आहे.

आणि अजूनही दारातून कुणी ठेंगणी बाई पदराने मान टिपत आत आली, की मी खुर्चीतून अर्धी उठते.