चौथ्या भागाच्या वेण्या

"या वेण्या इतके दिवस मुक्कामाला आहेत की आता त्यांच्या नावानं पत्रं यायला लागतील," ओडेसा मुलीच्या डोक्याकडे बघत म्हणाली.

ज्युनेलला माहीत होतं, उत्तर दिलं की आईचा दुसरा अध्याय सुरू व्हायचा, आणि दुसऱ्या अध्यायात चर्चमधल्या कुणा सिस्टरची (तिथं सगळ्या बायका एकमेकींना सिस्टरच म्हणतात) मुलगी ठरलेली असायची. तिचे केस, नोकरी आणि नवरा, तिन्ही जागच्या जागी.

"दोन आठवड्यांनी चर्चमध्ये महिला रविवार आहे," ओडेसा म्हणाली. "सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या टोप्यांत. आणि माझ्या शेजारी तू. डोक्यावर चिमणीचं घरटं घेऊन."

"मम्मा, चौथा भाग झाला की सोडते."

"चौथा भाग! तिसऱ्याच्या वेळी मी धडधाकट होते, आता माझी हाडं दुखतात."

आता खरं सांगायचं तर त्या वेण्या ज्युनेलच्या नव्हत्याच. त्या पॉलेटच्या होत्या. डेट्रॉइटच्या पूर्व भागात, दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन उचलणारी ज्युनेल सुट्टीच्या दिवशी पॉलेट व्हायची, आणि पॉलेट इंटरनेटवर लोकांना हसवायची. मालिकेचं नाव 'पॉलेटला विचारू नका'. लिहायची ज्युनेल, नाचायची ज्युनेल, सगळ्यांना सँडविच करून घालायची तीही ज्युनेलच. कॅमेरा तिची मैत्रीण केन्याटाचा. ती एरवी शहराची बस चालवायची, त्यामुळे चित्रीकरणातही 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणायची. माइक झाडूच्या दांड्याला बांधलेला. दिवा ओडेसाच्या बैठकीतला, न विचारता आणलेला.

पॉलेटचं व्हायचं काय? जगावेगळं काहीच नाही. साहेब तिला वर्षभर दुसऱ्याच बाईच्या नावानं हाक मारतात, आणि आता सुधारायची वेळ निघून गेलेली असते. दवाखान्यात आलेली एखादी बाई न विचारता तिची वेणी हातात घेते आणि म्हणते, "अय्या, हे धुतेस कसं गं?" तेव्हा पॉलेटचं हसू दातांच्या जाहिरातीसारखं गोठतं. बस, एवढंच. पण बघणाऱ्या बायका खाली लिहायच्या, "ही तर मीच! माझ्या घरात कॅमेरा लावलाय का?" अलीकडे मात्र त्यांचा सूर बदलला होता. "चौथा भाग कुठाय? आहेस का गेलीस?"

चौथा भाग अडला होता एका जेवणावर. पॉलेट एका रुबाबदार गड्याबरोबर जेवायला जाते, असा शेवटचा प्रसंग. अर्धं जेवण टिपून झालं होतं, अर्धं राहिलं होतं. टिपलेल्या अर्ध्यात पॉलेटच्या डोक्यावर गंगावन गुंफलेल्या कंबरेपर्यंतच्या बारीक वेण्या होत्या, ताज्या, चकचकीत. मग उरलेल्या अर्ध्यात मोकळे केस कसे चालतील? बघणाऱ्या साऱ्या बायका. गडी बदलला तर एकवेळ खपवून घेतील, केस बदलले तर जाब विचारतील. पुन्हा तशाच घालून घ्याव्यात, तर वेण्या घालणारी अवा बहिणीच्या लग्नाला सेनेगलला गेलेली. तिचा हात दुसऱ्या कुणाला नव्हता.

म्हणून वेण्या तशाच राहिल्या. मुळाशी केस फुगले, टाळू खाजायला लागली. ज्युनेल बोटांनी टपटप मारून खाज भागवायची, तर बसमधली अनोळखी म्हातारीसुद्धा म्हणायची, "बाळा, सोड गं आता त्या. देवाची शपथ."

आणि गडी? त्याचं काम करणारा कोर्टलँड. त्याचा आवाज रात्रीच्या रेडिओवाल्यासारखा, लोण्यात घोळलेला, आणि चित्रीकरणाच्या शनिवारी तो यायच्या ऐवजी नुसता आवाजच फोनवर यायचा. "बेबी, ऐक ना. गाडीची बॅटरी बसली." पुढच्या शनिवारी, "बेबी, ऐक ना. चुलतभावाकडे अंगणात शेगडी पेटलीय, बरगड्या मलाच भाजायच्यात, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ?" त्याच्या पुढच्या शनिवारी नाचाचा वर्ग. आणि आता, महिला रविवार तोंडावर आलेला असताना, फोनवर तोच लोणकढा सूर, "बेबी, ऐक ना. मी अटलांटाला आलोय. खरं काम मिळालं."

"खरं काम!" ज्युनेलनं फोन गादीवर आपटला. "आणि आपलं काय, भातुकली?"

केन्याटा चिप्स खात होती. "अटलांटाला काय नटांसाठी सोन्याची खाण लागलीय कोण जाणे," ती म्हणाली. "जाऊ दे त्याला. वेण्या तर सोडायच्याच आहेत ना? मग तेच दाखवू. गडी जेवणावरून मध्येच उठून गेला, पॉलेट घरी आली, आणि तिची आई वेण्या सोडतेय. नाहीतरी तो खरंच मध्येच उठून गेलाय."

कल्पना इतकी सरळ होती की ज्युनेलला तिचाच राग आला. फक्त आई लागणार होती.

"मी?" ओडेसा कडाडली. "त्या मोबाइलवरच्या चाळ्यांत? मी चर्चच्या गायनवृंदाची प्रमुख आहे, विसरलीस का? लोक काय म्हणतील?" मग जरा थांबून, "कधी म्हणालीस?"

"शनिवारी."

"मग मला जांभळी लिपस्टिक लागेल."

शनिवारी ओडेसा स्वतःच्याच स्वयंपाकघरात टोपी घालून आली. टोपी उतरवायलाच बराच वेळ गेला. ज्युनेल जमिनीवर उशी टाकून आईच्या गुडघ्यांच्या मधे बसली, लहानपणी बसायची तशी. ओडेसानं टोकदार दांडीची फणी हातात घेतली, केन्याटानं मान हलवली, आणि कॅमेऱ्याचा लाल ठिपका लागला.

"प्रिय कन्ये," ओडेसा म्हणाली. "आजचा तुझा दिवस कसा व्यतीत झाला?"

हा आवाज ज्युनेल ओळखत होती. वीज कंपनीला फोन लावताना आई हाच आवाज काढायची. कपाटातला, इस्त्रीचा, पाहुण्यांपुरता.

"मम्मा," ती ओठ न हलवता पुटपुटली, "नेहमीसारखं बोल."

"मी नित्य अशीच बोलते, कन्ये. त्या सद्गृहस्थांनी तुझा अपमान केला काय? मला अत्यंत खेद वाटतो."

केन्याटाचे खांदे हलायला लागले. पण आईच्या जिभेनं दगा दिला तरी बोटं जुनीच होती. भराभर, एकामागून एक, वेण्या सुटत गेल्या, गंगावनाचे झुपके मांडीवर साचले. ज्युनेलला थांबा म्हणायचा धीर होईना. आणि गंमत बघा, दुसरं काहीही पुन्हा टिपता येतं, सुटलेली वेणी पुन्हा सोडता येत नाही. अखेर डावी बाजू पूर्ण मोकळी झाली तेव्हा केन्याटानं कॅमेरा बंद केला आणि ओडेसानं चष्मा मागितला.

तिनं पडद्यावर पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"ही कोण बया?"

"तू."

"ही? ही तर बँकेतली बाई वाटते. आता म्हणेल, बाईसाहेब, तुमचा अर्ज नामंजूर. पुसून टाक."

"पुसून टाक?" ज्युनेल उठून उभी राहिली. डावीकडे केसांचा ढग, उजवीकडे वेण्या. इतक्या दिवसांचा वैताग तिच्या तोंडून बाहेर पडला, तोही आईच्याच आवाजात. कंबरेवर हात, मान डावीकडून उजवीकडे. "'पोरी, वेण्यांच्या नावानं पत्रं येतील! मी चर्चला तोंड कसं दाखवू? सिस्टर ग्लॅडिसच्या मुलीकडे बघ!' हे बोलायचं होतं, मम्मा! सबंध महिना मला ऐकवलंस, आणि आज कॅमेरा लागला तर तुझ्यात राणीसाहेब संचारली!"

ओडेसानं कंबरेवर हात ठेवले. मान डावीकडून उजवीकडे गेली.

"पोरी, मी असं कधी बोलते गं?"

केन्याटा हसून हसून ओट्याला लटकली. कॅमेरा अर्थातच बंद होता.

"हसू नकोस, बस चालव," ओडेसा म्हणाली. "आणि तू खाली बस. अर्धं डोकं अजून आहे. लाव तो दिवा. माझाच आहे तो, मला दिसत नाही असं वाटलं का?"

लाल ठिपका लागला. ओडेसानं पहिली वेणी धरली आणि ओढली.

"आई गं!"

"ओरडू नकोस. टाळू तेवढी नाजूक, आणि गडी निवडताना डोक्यात दगड. मध्येच उठून गेला? ताटातली कोंबडी तरी संपवली का त्यानं?"

"संपवली."

"म्हणजे भूक होती, लाज नव्हती. मान सरळ!"

ज्युनेलला अभिनय करावाच लागला नाही. डोळ्यांत पाणी खरं होतं, ओय ओय खरं होतं. आई एकेक वेणी सोडत होती आणि एकेका वेणीबरोबर एकेका गड्याचा उद्धार करत होती, पार शाळेतल्या पहिल्यापासून. कॅमेऱ्यामागे केन्याटा तोंडात स्कार्फचा बोळा कोंबून उभी होती. चौथा भाग होत होता. आता मागच्या थोड्याच वेण्या उरल्या होत्या.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ओडेसानं अर्धी सुटलेली वेणी तिथंच टाकली आणि टोपी उचलली.

"कुठे निघालीस?"

"गाण्याच्या तालमीला. सिस्टर ग्लॅडिस न्यायला आलीय."

"मम्मा, मागच्या राहिल्यात! प्रसंग संपलेला नाही!"

"पुढच्या शनिवारी. माझी शेवटची ओळ अजून ठरलेली नाही."

"मग या उरलेल्या मी घरी जाऊन सोडते, आणि आपण पुढच्या वेळी..."

"खबरदार!" ओडेसा दारातून वळली. "एका केसाला हात लावलास तर बघ. चित्र जुळायला नको? बघणाऱ्या बायका आंधळ्या आहेत का?"

सोमवारी ज्युनेल रुमाल बांधून दवाखान्यात बसली. पुढून ढग, मागून शेपट्या. रुमाल एकीकडे बांधावा तर दुसरीकडून फुगे. दाढ दुखत असलेली बाईसुद्धा दुखणं विसरून रुमालात डोकावत होती. तेवढ्यात फोन वाजला. ज्युनेलनं घसा साफ केला.

"नमस्कार. आपली काय सेवा करू शकते?"

"अगं, बँकेतल्या बाईसारखी काय बोलतेस?" पलीकडून ओडेसा म्हणाली. "केसांना हात लावला नाहीस ना?"