जाऊन-येऊन एक फेरी

मोरगावच्या माळावर भर दुपारी दोन वाजता तोंडात शिट्टी धरून शेळीच्या पोटाकडे टक लावून बसलेला माणूस दिसला, तर तो खुळा नाही, आमचे तात्या आहेत, हे मी कुणालाही लेखी द्यायला तयार आहे. एवढ्या आपलेपणाने शेळीचा श्वास मोजणारा दुसरा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर त्याच्याकडे शिट्टी नसेल. तात्यांनी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. रिटायर झाल्यावर त्यांनी चाळीस शेळ्या घेतल्या, पण मनाने ते अजून गाडीतून उतरलेले नाहीत. शेळ्यांना ते पॅसिंजर म्हणतात, करडांना हाफ तिकीट, आणि सगळ्यांना ढुशा देत पुढे घुसणाऱ्या बोकडाला पासवाला.

मी वाशीमकडचा. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर मिळेल ते काम केलं आणि शेवटी फिरत फिरत इथे येऊन पोचलो. तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "एक महिना बघू, पाव्हणं. जमलं तर ऱ्हावा. न्हाय जमलं तर हितनंच यष्टी मिळती." तेव्हापासून रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला की मी शेळ्यांच्या आड सरकायचो. परत जायला ना तोंड होतं, ना तिकडे काम. एकविसावा दिवस सुखरूप गेला की मी बाविसाव्याची काळजी सुरू करायचो.

उन्हात शेळीचं काय होतं हे तात्यांनी मला बसच्याच भाषेत शिकवलं. ऊन चढलं की शेळ्या लिंबाच्या सावलीत एकमेकींना चिकटून गर्दी करतात, मग तात्या शिट्टी फुंकून ओरडतात, "पुढं सरका, पुढं मोकळंच हाय." बसायला जागा असून शेळी उभीच राहिली तर ते लगेच उठतात, कारण अंगाला चारी बाजूंनी वारा लागावा म्हणून ती उभी असते. "सीट रिकामं आन पॅसिंजर उभा, म्हंजे कायतरी बिनासलंय," असं त्यांचं म्हणणं. रवंथ थांबला की इंजिन बंद. कान लोंबले, तोंड उघडलं, लाळ गळायला लागली, की रेडिएटर तापला. पण या सगळ्याच्या आधी मोजायचा तो श्वास, बरगडीमागे पोट हलतं तिथे, हातात घड्याळ धरून. "मिनिटाला किती फेऱ्या हुत्यात त्ये बघायचं. ऐंशीच्या वर गेली की मला सांगायचं."

एके दिवशी तात्या डोळे तपासायला बारामतीला गेले आणि पॅसिंजर माझ्यावर सोपवून गेले. ऊन असं होतं की पत्रा कडकड वाजत होता. मी गाभण शेळीपुढे घड्याळ घेऊन बसलो आणि मोजलं. मी फोन लावला.

"तात्या, एकशे आठ."

"एकशे आठ? जप करतीया का काय ती?" मग त्यांचा आवाज बारीक झाला. "वली पोती टाका. पंप मारा. गूळमिठाचं पाणी पाजा. म्या आलो."

मी बाकीच्या मोजल्या. एक शहाण्णव, एक एकशे चार, पासवाला एकशे दहा. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन मी चाळीसच्या चाळीस शेळ्यांना आंघोळ घातली, हौदापासून बादल्या वाहिल्या, पोती भिजवली, पुन्हा भिजवली. तासाभराने भिगवणच्या मासेवाल्याचा टेम्पो आला आणि त्यातून तात्या उतरले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे काळा चष्मा, नजर धूसर, आणि काखेत पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी. तिला माशांचा असा वास होता की शेळ्या एका उडीत सावली सोडून उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. तात्या आधी बोकडाला गाभण समजून त्याच्या पोटाला हात लावून बसले. मग खरी सापडली.

"चोपन्न," ते म्हणाले. पुन्हा मोजलं. "चोपन्नच. कशी मोजली तुमी?"

"पोट फुगलं का एक, बसलं का दोन. मले वाटलं तसंच असते."

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. बर्फ गळत होता. "पाव्हणं," ते म्हणाले, "फेरी म्हंजे जाऊन येऊन. नुसती गेल्याली गाडी फेरीत धरत न्हाईत."

मी खोपीत गेलो आणि पिशवी भरायला लागलो. दोन सदरे, एक चादर, भरायला वेळ तो किती लागणार. बाहेर आलो तर तात्या दारातच घड्याळ धरून उभे, चष्मा कपाळावर, डोळे बारीक करून माझ्या बरगड्यांकडे बघत.

"तोंड उघडं. खांदं पडल्यालं. बाज रिकामी आन तुमी उभं. पाव्हणं, तुमची चाळीस झालीया, जाऊन येऊन. बसा सावलीला." त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून खुंटीला लावली, शेळ्यांची बादली पुढे केली आणि मी पिईपर्यंत घड्याळ खाली ठेवलं नाही. माझं पोट भरलं का हे आईने बघितलेलं आठवतं. ते किती वेळा हलतंय, हे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

महिना संपला तेव्हा तो विषय कुणी काढला नाही. मी तर नाहीच. त्यानंतर तीन उन्हाळे झाले. मी गावी जायला निघालो की तात्या फाट्यावर येतात आणि विचारतात, "फेरी म्हंजे काय, पाव्हणं?" मी उत्तर दिल्याशिवाय गाडी सोडू देत नाहीत.

हल्ली दुपारी मोजता मोजता त्यांचाच बाजेवर डोळा लागतो. शिट्टी तोंडातच राहते आणि श्वास सोडला की बारीक वाजते. मग पॅसिंजरांचं मोजून झालं की मी त्यांच्याजवळ येऊन बसतो. शिट्टी वाजली की एक फेरी धरतो, आणि ती पुन्हा वाजेपर्यंत माझा स्वतःचा श्वास जागच्या जागी थांबलेला असतो.