ड्रायव्हरची नवी सीट
रेक्झिनचा कोरा वास आला, की मी अजून गाडीच्या काचा खाली करतो. हिंगण्याच्या कारखान्यात रोज जाण्यायेण्यासाठी वडील एक जुनी जीप पाहायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. भर उन्हात वडिलांनी सोबत आणलेल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून कान लावला, ब्रेक दाबून पाहिले. ‘इंजिन मस्त आहे भाऊ,’ तो म्हणाला, ‘पण साऱ्या सीटा फाटक्या, मंग ड्रायव्हरचीच नवी काहून?’ जीप विकणाऱ्या, मोकळ्या कपाळाच्या बाई पदरानं त्या सीटवरची धूळ पुसू लागल्या. सौदा ठरला. वडील चाकांखाली लिंबं ठेवू लागले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, ‘त्या दिवशी आमचे हे बी निंबू ठेवूनच निघाले होते.’ वडील त्या सीटवर बसले. घर येईपर्यंत मी त्यांच्या मानेवरून नजर हलवली नाही. आज माझ्या गाडीची एकच सीट फाटली, तरी मी सगळ्या बदलून घेतो.