बाभळीचे हातोडे

चऱ्होलीच्या हिंदुराव सुतारांनी भरलेलं गाडीचं चाक लोक डोळे मिटून घेत. पण पिंपरीला कारखाना आला, गावात रबरी चाकांच्या गाड्या दिसू लागल्या आणि त्यांचं काम आटलं. दोघे धाकटे भाऊ कारखान्यात हमालीला लागले. हिंदुरावांना मात्र हातातली लाकूड तासायची वाकस सोडायची नव्हती.

अशात गावचेच बबनराव, कारखान्यातल्या पत्र्याच्या खात्याचे मुकादम, म्हणाले, "नमुन्याला लाकडी हातोडं करून द्या. साहेबाला पटलं तर काम कायम तुमचंच."

देव पावला म्हणून हिंदुरावांनी ठेवणीतली सागाची तुळई कापली. देव्हारा सागाचा, चौकट सागाची; मग एवढ्या मोठ्या कारखान्याला शेणाचिखलातून फिरणारी चाकाची बाभूळ कशी द्यायची? हातोडे आरशासारखे गुळगुळीत झाले.

आठवड्यात बबनराव पिशवी घेऊन दारात. आत नुसत्या चिरफळ्या.

"साग हाय त्यो, मुकादम."

"म्हणून तर. देव्हारा केला आसता तर पुजला आसता. आमाला दिसभर त्यानं पत्रा बडवायचा हाय. रविवारी दुसरं द्या, न्हाईतर साहेब मुंबईहून मागवणार. मग तुमी हमालीलाच या."

ते गेल्यावर हिंदुरावांची कारभारीण सोजराबाई चुलीपासूनच म्हणाल्या, "अवं, चाकाच्या मधला तुंबा कशाचा करता?"

"बाभळीचा."

"सगळं वझं त्याच्यावर. फुटला का कदी?"

बाभळीचे तंतू एकमेकांत गुंतलेले. ठोका बसला की ती दबते, उकलत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ओली बाभूळ तडकते. पावसाळाभर नदीत बुडवून मुरवलेलं एकच खोड होतं, आणि ते शेतकरी मारुतरावांनी चाकासाठी दिलेल्या झाडाचं. दुसऱ्याच्या खोडाला हात लावायची रीत नव्हती.

"खोड त्यांचं, उरलेल्या गाठी सुताराच्या," सोजराबाई म्हणाल्या. "मागच्या साली मुरवलेल्या सरपणात पडल्यात. कुऱ्हाडच चालंना, जाळायच्या कशा?"

हिंदुरावांना हसू आलं. दुसऱ्या दिवशी अवस होती. अवसेला सुताराची हत्यारं झोपतात. त्यांनी हळदकुंकू वाहून हात जोडले आणि मुदत जवळ आली तरी वाकस उचलली नाही. उरलेल्या दिवसांत गाठी तासता तासता धार दहादा लावावी लागली. तांबूस, जड हातोडे उभे राहिले.

रविवारी बबनरावांनी एक उचलला, उंबऱ्याच्या दगडावर जोर लावून हाणला. लाकडावर नुसता वळ उठला.

"आता कसं? दावतो साहेबाला. पर हमालीची जागा धरून ठिवू का?"

"ती दुसऱ्या कुणाला द्या," हिंदुराव म्हणाले.

साहेबाचा होकार अजून यायचा होता, तरी हिंदुराव पागोटं बांधून मारुतरावांच्या बांधावर गेले. पुढच्या हातोड्यांसाठी तिथली जुनी बाभूळ मागायची होती. पावसाआधी ती इंद्रायणीत पडायला हवी होती.