आईच्या नावाने दिलेला अर्ज

आमच्या गावाच्या यात्रेचा मला संताप येतो, आणि तो मी लपवत नाही. कात्रजच्या पुढचं हे जुनं गाव पुण्याने केव्हाच गिळलंय. शेतांत सोसायट्या उगवल्या. उरलेल्या चार गल्ल्यांत वर्षातून तीन दिवस भिंतीएवढे स्पीकर लावून आम्ही अजून गाव आहोत हे जगाला ऐकवतो. फ्लेक्सवर देव कोपऱ्यात असतो आणि कमिटीचे चेहरे मध्ये. मी घरी बसून उत्तरपत्रिका तपासणारा माणूस. त्या तीन दिवसांत माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षी यात्रेआधी मी पोलीस चौकीत अर्ज दिला. माझं डोकं दुखतं असं लिहिलं असतं तर तिथे कुणी भीक घातली नसती. म्हणून लिहिलं, घरात ब्याऐंशी वर्षांची आजारी आई आहे, तिला आवाज सोसत नाही. आई धडधाकट होती. कानातलं यंत्र काढलं की तिला स्पीकर काय, तोफही ऐकू येत नाही.

पोलिसांनी आवाज कमी करायला लावला. अर्ज कुणाचा, हे कमिटीला संध्याकाळच्या आत कळलं.

पालखीचे खांदेकरी अनवाणी येतात. पालखी दारात थांबली की घरातल्या बाईने त्यांच्या पायांवर ऊन पाणी घालायचं, अशी आमच्याकडे रीत. लग्न होऊन आल्यापासून आईने ती एकदाही चुकवली नव्हती. त्या सकाळीही ती ठेवणीतलं लुगडं नेसून, कळशी घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत बस म्हटलं, तर माझ्याकडे बघितलंही नाही.

पालखी शेजारच्या दारात थांबली. आमच्या दारावरून सरळ पुढे गेली. मागून कमिटीचा अध्यक्ष, म्हणजे माझा चुलतभाऊ, आला आणि आईपुढे हात जोडून उभा राहिला.

"काकू, तुम्ही आजारी हाय, आवाज सोसत न्हाई, असं तुमच्या लेकानं लिवून दिलंय. आजारी मानसाला कशाला तरास, म्हनून थांबलो न्हाई."

नेमकं त्या दिवशी यंत्र तिच्या कानात होतं. त्याच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं. पण तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. खोटं लिहिलं होतं मी.

आई माझ्याकडे वळली. "मी कवा आजारी पडले?"

तुझ्यासाठीच केलं, असं मी पुटपुटलो. तिने कळशी उचलून घेतली आणि गल्लीच्या टोकाला, जिथे पालखी थांबली होती तिथे, दुसऱ्यांच्या दारात जाऊन रांगेत उभी राहिली. मी गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही.

यंदाच्या थंडीत ती खरोखर तापाने फणफणली. एका घरात राहून मला ते तिसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं. गोळ्याही तिनेच आणून दिल्या होत्या. मला का सांगितलं नाहीस, असं मी आईवर ओरडलो.

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कुठंतरी लिवून दिलं असतंस."